मन शांत करणारी गोळी : देणाऱ्याने काय पाहावे?

दर्यापूर तालुक्यातून एका वाचकाचे पत्र आले आहे. पत्र चार पानी आहे. त्यातले कामाचे तेवढे सांगते. दिवाळीनंतर वडील गेले. तेरवी आटोपली, पाहुणे परतले आणि ७२ वर्षांच्या आईची झोप उडाली. रात्री उठून बसायची, छाती धडधडते म्हणायची. डॉक्टरांनी तपासले, ई.सी.जी. काढला आणि रोज रात्री एक याप्रमाणे दहा दिवसांसाठी डायझेपामची गोळी लिहून दिली. पहिल्याच रात्री आई झोपली, घरच्यांच्याही जिवाला बरे वाटले. पाचव्या दिवशी मात्र ती सकाळपासून पेंगत होती, बोलताना जीभ जड झाली होती. त्या रात्री दोनच्या सुमारास लघवीला उठली आणि न्हाणीच्या उंबरठ्यावर पडली. खुब्याचे हाड मोडले. मुलगा विचारतो, "गोळी तीच, डॉक्टर तेच, मग पाचव्याच दिवशी असे का झाले? आमचे चुकले कोठे?" आणि पत्राच्या शेवटी, जणू सहज आठवले म्हणून, एक ओळ आहे : "मधल्या दोन रात्री झोप लवकर लागली नाही म्हणून मी अर्धी गोळी जास्त दिली होती. ते डॉक्टरांना सांगितले नाही."

मी डॉक्टर नाही. ३४ वर्षे परिचारिकेची नोकरी केली, निम्मी अकोल्यात आणि निम्मी अमरावतीत. औषध कोणते व किती, हे ठरवणे डॉक्टरांचे काम. ते रुग्णाच्या पोटात जाण्यापूर्वी त्याच्याकडे नीट पाहणे, आणि गेल्यावर पुढे काय होते तिकडे लक्ष ठेवणे, हे आमचे काम. घरी हेच काम मुलगा, सून, लेक करतात. पण त्यांना ते कोणी शिकवलेले नसते. डॉक्टरांच्या खोलीत दोन मिनिटे मिळतात, त्यात "रात्री एक द्या" एवढेच कानावर पडते. म्हणून आज या गोळ्या देण्याविषयी.

ही औषधे करतात काय?

डायझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही सारी एका घराण्यातली औषधे. आपल्याकडे त्यांना कोणी झोपेची गोळी म्हणते, कोणी टेन्शनची. मेंदूत गाबा नावाचे एक रसायन असते, ते मेंदूतल्या पेशींची धावपळ आवरते. ही औषधे त्या गाबाचा जोर वाढवतात. त्यामुळे धडधड, थरथर, भीती कमी होते, झोप लागते, आकडी आलेली असेल तर ती थांबते. पण हा ब्रेक फक्त काळजीला लागत नाही. पायांचा तोल, स्मरणशक्ती, घास गिळण्याची क्रिया आणि जास्त झाल्यास श्वास, या सगळ्यांनाच तो थोडाथोडा लागतो.

या घराण्यातले पहिले औषध लिब्रियम १९६० साली बाजारात आले, पाठोपाठ १९६३ साली व्हॅलियम, म्हणजेच डायझेपाम. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतली ही कामगिरी. त्याआधी झोपेसाठी बार्बिट्युरेट जातीची औषधे देत, आणि त्यांत झोप आणणारी मात्रा व जीव घेणारी मात्रा यांत फार अंतर नसे. त्या मानाने ही नवी औषधे पुष्कळच सुरक्षित ठरली. धडधाकट माणसाने एकट्याने घेतली तर सहसा जिवावर बेतत नाही, ही ख्याती खरी आहे. पण म्हातारा माणूस, दमेकरी, दारू प्यायलेला किंवा दुसरे गुंगीचे औषध चालू असलेला माणूस यांच्याबाबतीत ती ख्याती उपयोगाची नाही. नेमक्या अशाच माणसांना ती गोळी घरोघर बिनधास्त दिली जाते.

आता पाचव्या दिवसाचे कोडे. तळाला बारीक छिद्र असलेला रांजण डोळ्यांसमोर आणा. त्यात रोज रात्री एक तांब्या पाणी ओतायचे. छिद्रातून रोज थोडेच गळते, उरलेले आतच राहते. डायझेपामचे असेच होते. ते निम्मे उतरायला तरुण माणसातही साधारण एक ते दोन दिवस लागतात, आणि त्यापासून शरीरात तयार होणारे दुसरे द्रव्य त्याहूनही जास्त काळ रेंगाळते. वय वाढते तसे छिद्र बारीक होत जाते. सत्तरीत निम्मे औषध उतरायला तीन दिवसही लागू शकतात. म्हणजे पाचव्या रात्री आईच्या अंगात एका गोळीचे औषध नव्हते, तर मागच्या चार रात्रींची शिल्लक, मुलाने वाढवलेल्या दोन अर्ध्या आणि त्या रात्रीची नवी, एवढे सगळे एकदम होते. लोराझेपाम तुलनेने लवकर उतरते, पण म्हाताऱ्या पायांचा तोल तेही घालवते.

आधी कारण पाहा

माझ्या नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. गाव आणि इस्पितळ सांगत नाही. रात्रपाळी होती. जन्मभर बिड्या ओढलेला एक म्हातारा खाटेवर सारखा उठून बसत होता, सलाईनची नळी ओढत होता. त्याचा मुलगा दोन वेळा येऊन गेला. "सिस्टर, काईतरी द्या वो, बुढा कोनालेच झोपू देत नाही." केसपेपरवर 'गरज पडल्यास' म्हणून झोपेचे इंजेक्शन लिहिलेले होते. मी सिरिंज भरली. तेवढ्यात शेजारच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी माझा हात धरला नाही की रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "पोरी, सुई खाली ठेव अन् आधी त्याची नखं पाह्य."

नखे निळी पडली होती. माणूस घाबरून तडफडत नव्हता, त्याला हवा पुरत नव्हती. ते इंजेक्शन गेले असते तर तो शांत झाला असता, सकाळी मुलानेही आमचे आभार मानले असते, आणि दुपारपर्यंत कदाचित आवरायची वेळ आली असती. डॉक्टरांना उठवले, बेताने प्राणवायू सुरू केला, आणि तासाभरात म्हातारा कोणत्याही झोपेच्या औषधाशिवाय झोपला. हे वर्षानुवर्षे मी नव्या मुलींना सांगत आले.

तेव्हा माणूस अस्वस्थ आहे म्हणून लगेच गोळीकडे हात नेऊ नये. लघवी तुंबली आहे का? प्रोस्टेटचा त्रास असलेला म्हातारा रात्रभर येरझारा घालतो, आणि घरचे म्हणतात डोके फिरले. पोट गच्च आहे का, कोठे दुखते आहे का, ताप आहे का? मधुमेह असेल तर साखर उतरली आहे का? घाम, थरथर, बडबड ही साखर उतरल्याचीही लक्षणे आहेत, आणि अशा माणसाला झोपवणे म्हणजे घात. दिवसा कोठे पडून डोक्याला मार लागला आहे का? तसे असेल तर गुंगीचे औषध अजिबात नको, कारण शुद्ध हरपत चालली तरी आपण गोळीचीच झोप समजत बसू. कालपर्यंत नीट असलेला म्हातारा आज एकाएकी असंबद्ध बोलू लागला तर ते काळजीचे दुखणे नसते. त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

गोळी हातात घेतल्यावर

पट्टीवरचे नाव वाचा, मग आकडा वाचा. अल्प्राझोलामच्या गोळ्या ०.२५, ०.५ आणि १ मिलीग्रॅम अशा येतात. दुकानात एक ताकद नसली की दुसरी मिळते, आणि घरी 'एक गोळी' म्हणून दिली तर मात्रा दुप्पट, चौपट होते. पट्ट्यांचे रंगही फसवे असतात. चष्मा लावल्याशिवाय औषध देऊ नये, हा माझा घरचा कायदा आहे. आमचे हे त्याला हसतात, पण आता पाळतात.

त्यानंतर रुग्णाला हाक मारावी. डोळे उघडून नीट उत्तर देतो का, जीभ अडखळते का, ते पाहावे. मग त्याला न सांगता पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. सांगितले की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास असतात. १२ पेक्षा कमी असतील, किंवा गोळीची वेळ झाली तरी माणूस आधीचाच पेंगत असेल, तर ती गोळी हातातच ठेवून डॉक्टरांना फोन करावा. दर्यापूरच्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. पाचव्या दिवशी सकाळपासून आई पेंगत होती, जीभ जड होती. रांजण भरल्याची ती खूण होती. त्या रात्रीची गोळी न देता डॉक्टरांना विचारायला हवे होते. लिहिलेली गोळी चुकवू नये असे आपल्याला वाटते. इतर बऱ्याच औषधांत ते बरोबरही असते.

झोप आली नाही म्हणून आपल्या मनाने अर्धी वाढवणे तर नकोच. गोळीला आपले काम करायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि शेजारी बसून कोणी दर पाच मिनिटांनी "झोप आली का?" विचारत असेल तर त्याहून जास्त.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, किती दिली, कोणी दिली. मुलाने नऊला दिली आणि सुनेने दहाला पुन्हा दिली, असे मी अनेकदा ऐकले आहे. खुद्द रुग्णाच्या सांगण्यावर तर राहूच नये, कारण ही औषधे आठवणच पुसट करतात. घेतलेली गोळी विसरून माणूस पुन्हा मागतो आणि अगदी खरे बोलतो.

डॉक्टरांना या गोष्टी न विचारताही सांगाव्यात : दमा किंवा श्वासाचा जुना विकार, झोपेत मोठमोठ्याने घोरून मध्येच श्वास अडकणे, यकृताचा आजार, काचबिंदू, गरोदरपण, अंगावर पाजणे. आईने घेतलेले औषध दुधातून बाळाला जाते. बाळ सुस्त होते, नीट ओढत नाही. आणि दारू. दारूविषयी बायका डॉक्टरांसमोर गप्प राहतात, कारण नवरा शेजारी बसलेला असतो. नंतर परत जाऊन सांगा, पण सांगा. दारू आणि ही गोळी एकमेकींचा जोर वाढवतात आणि श्वास मंदावतो. दारू सोडवताना डॉक्टर याच घराण्यातली औषधे देतात हे खरे, पण ती मोजून आणि देखरेखीखाली. ते पाहून घरी प्रयोग करू नये. ट्रामाडॉलसारखी तीव्र वेदनाशामके आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधे यांच्याबरोबरही तोच धोका आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली अशा जोडीबद्दल वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. सर्दीच्या साध्या गोळ्यांनीही गुंगी वाढते.

इंजेक्शनाविषयी थोडेच लिहिते, कारण ते घरचे काम नाही. शिरेतून डायझेपाम मोठ्या माणसालाही मिनिटाला ५ मिलीग्रॅमपेक्षा वेगाने देऊ नये, दुसऱ्या औषधात मिसळू नये, आणि श्वास देण्याची पिशवी व प्राणवायू हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नये. नर्सिंगच्या मुली हे सदर वाचतात, त्यांच्यासाठी एवढे. घरी येऊन असे इंजेक्शन टोचून लगेच निघून जाणारा कोणी असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

रात्रीची व्यवस्था

गोळी देण्यापूर्वी लघवीला नेऊन आणावे. पाणी पाजायचे ते बसवून. आडव्या, पेंगणाऱ्या माणसाच्या तोंडात घास किंवा पाणी घातले तर ते श्वासनलिकेत जाते. खाट बुटकी असावी. बारका दिवा चालू ठेवावा. न्हाणीच्या वाटेवरचे पायपुसणे, बादली, चपला उचलाव्यात. आणि रात्री उठायचे झाले तर हाक मारूनच उठायचे, हे म्हाताऱ्या माणसाला रोज नव्याने सांगावे. त्यांना वाटते, लेकरू दिवसभर वावरात राबले, कशाला उठवू? दर्यापूरच्या आईलाही तसेच वाटले असेल. तेव्हा हाकेवर न राहता कोणी तरी शेजारीच झोपावे.

आपल्याकडे उन्हाळ्यात सारे गाव गच्चीवर झोपते. अकोल्याच्या मे महिन्यात घरात झोपवतच नाही, हे मला ठाऊक आहे. पण गोळी घेणाऱ्याची बाज खाली अंगणात टाका. कठडा नसलेली गच्ची आणि अरुंद जिना त्याच्यासाठी नाहीत. आणखी एक. भर उन्हाळ्यात दुपारी कोणी सुस्त पडले असेल तर 'गोळीची झोप आहे' म्हणून सोडून देऊ नका. अंगाला हात लावून पाहा, हाक मारा. ऊन लागलेले असू शकते.

सकाळी उठल्यावरही अंमल उतरलेला नसतो. मळणी यंत्र, कडबा कुट्टी, ट्रॅक्टर, मोटारसायकल यांपासून दूर. आणि क्वचित एखाद्या म्हाताऱ्यात किंवा लहान मुलात गोळीने उलटेच होते : शांत होण्याऐवजी चिडतो, बडबडतो. तेथे आणखी गोळी द्यायची नसते.

घरातला साठा

आपला वऱ्हाड कोणत्या दुःखासाठी देशभर ओळखला गेला, ते मी सांगायला नको. ज्या घरात माणूस खचलेला आहे, "आता काही अर्थ नाही" असे बोलतो, त्या घरात या गोळ्यांची पूर्ण पट्टी त्याच्या उशाशी नसावी. डॉक्टरांना आठवड्यापुरत्याच द्यायला सांगा. कुलपात ठेवा, रोज एक काढा, मोजून ठेवा. समोर गिळू द्या, पाणी पिऊन झाल्यावर दोन वाक्ये बोला. गालात धरलेली गोळी बोलताना कळते. वॉर्डात आम्ही हेच करायचो, कारण उशीच्या खोळीत साठवलेल्या गोळ्या मी स्वतः काढल्या आहेत. फवारणीचे औषधही त्याच वेळी घराबाहेर हलवा.

१ मार्च २०१४ पासून यांतली काही औषधे 'एच-१' यादीत आहेत. पट्टीवर लाल चौकटीत इशारा असतो. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि दुकानदाराला डॉक्टर, रुग्ण व मात्रा यांची नोंद तीन वर्षे जपावी लागते. शेजारणीने आपल्या पट्टीतली एक काढून देणे हा प्रेमाचा प्रकार आहे खरा, पण तो बंद व्हावा.

दोन-चार आठवड्यांपलीकडे रोज घेतली की सवय लागू लागते. मग पहिल्या मात्रेने भागत नाही. अशा माणसाची गोळी घरच्यांनी रागाने एकदम बंद करू नये. घाम, थरथर, आधीपेक्षा वाईट निद्रानाश आणि कधी कधी आकडी येते. महिनोन् महिने चालू असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडीथोडी करून, कमी करत आणतात. त्याला आठवडे लागतात, काहींना महिने.

जास्त गोळ्या घेतल्याचे कळले तर १०८ ला फोन करा. माणसाला कुशीवर वळवा, श्वास पाहत राहा. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका; गुंगीत ते फुप्फुसात जाते. रिकाम्या पट्ट्या सोबत न्या. या औषधांवर उतारा आहे, पण तो कोणाला द्यायचा हे डॉक्टरच ठरवतात, कारण जुनी सवय असलेल्याला त्याने झटके येऊ शकतात.

गोळीने झोप येते, दुःख जात नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा एक प्रकल्प झाला. त्याचा अहवाल 'लॅन्सेट सायकिॲट्री' या नियतकालिकात २०१७ साली छापून आला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांशी बोलणे, धीर देणे, गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत नेणे, असे काम होते. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी शंभरात चारच्या आसपास होते. दीड वर्षाने ते सत्तावीस झाले. बोलायला माणूस मिळाला की लोक येतात, हे आम्ही वॉर्डातही पाहिले. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात आणि अमरावतीच्या इर्विनमध्ये मनाच्या आजारांसाठी जाता येते. फोनवर बोलायचे असेल तर २०२२ साली सुरू झालेली टेली-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६, आणि तेथे मराठीत बोलता येते.

आता दर्यापूरच्या भावाला एक तातडीचे सांगणे, कारण पत्रावरून असे दिसते की आईचे खुब्याचे ऑपरेशन व्हायचे आहे. हाडाच्या डॉक्टरांना आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना गोळीचे नाव, मिलीग्रॅम, किती रात्री दिली आणि त्या दोन अर्ध्या, हे सगळे आजच सांगा. भुलेची मात्रा आणि दुखण्यावरची औषधे ते त्याप्रमाणे ठरवतील. रागावतील म्हणून भिऊ नका. उरलेली पट्टी खिशात घालून न्या, तीच त्यांच्यापुढे ठेवा.